नकाशातलं मागचं दार

१

खुंट्या रिकाम्या होत्या.

चावीवालीने आधी दिवा लावला, मग फळीवरून हात फिरवला. डोळ्यांना न दिसलेलं बोटांना सापडेल, अशी एक वेडी आशा. मागच्या खोलीतल्या या फळीवर ती गिऱ्हाइकांच्या जादा किल्ल्या टांगत असे. एकटी राहणारी माणसं कुलूप बदलून घेतल्यावर म्हणायची, "एक तुमच्याकडेच राहू दे, मला दुसरं कोण आहे?" किल्लीवर ती नाव लिहीत नसे की घर. नुसता रंगीत दोरा बांधायची, आणि कुठला रंग कुणाचा ते तिच्या डोक्यात. आता फळीवर एकही दोरा नव्हता.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. किल्ल्या कापायचं यंत्र, कानशी, नव्या कुलपांची खोकी. कपाटातल्या दागिन्यांना कुणी हात लावला नव्हता. पुढच्या दाराचं कुलूप तिने आत्ताच, नेहमीप्रमाणे, किल्ली दोनदा फिरवून उघडलं होतं. मागच्या दाराला आतून कडी होती. खिडक्यांना गज. घर बंद होतं आणि किल्ल्या गेल्या होत्या.

ती पुढच्या खोलीत आली. सासरे खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. त्यांची नजर गेल्याला बरीच वर्षं झाली होती, पण कुणी आलं की ते मान अचूक त्या बाजूला वळवत.

"बाबा, मी नसताना कुणी आलं होतं?"

"माझ्याकडे कोण येणार?"

"काही आवाज? खुडबूड?"

"डोळा लागला होता गं." थोडं थांबून ते म्हणाले, "पाणी भरून ठेव. उद्या नळाला पाणी नाही."

ती "हो" म्हणाली, पण कानांपर्यंत काही पोचलं नव्हतं. सकाळी तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला बोलावलं होतं, दार अडकलंय म्हणून. तिथे कुणाचंच दार अडकलं नव्हतं, आणि बोलावणाऱ्याचा फोन बंद. अलीकडे असं वरचेवर होत होतं. कुणीतरी टवाळखोर असेल म्हणून ती दरवेळी चरफडत परत यायची. आता तिला कळलं, की टवाळी नव्हती ती. तिला घरापासून लांब काढत होते. आणि तेवढ्या वेळात एक आंधळा म्हातारा खुर्चीत डुलक्या घेत असताना कुणीतरी त्याच्या अंगावरून चालत मागच्या खोलीत गेलं होतं.

नवरा जहाजावर, भर समुद्रात. तिने नणंदेला फोन लावला.

"वन्सं, तुम्ही या. आत्ता या. आणि पोलिसांना काय सांगायचं ते तुम्हीच सांगा, माझी बोबडी वळलीय."

२

नणंद विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायची. गोदामाला आग लागली की लावली, हे लोकांना गोड बोलून विचारण्यात तिची अर्धी नोकरी गेली होती. आल्या आल्या तिने चपला बाहेर काढल्या, वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून 'उद्या पाणी नाही, भरून ठेवा' हे त्यांचं ऐकून घेतलं, आणि मागच्या खोलीत जाऊन फळीपासून दारापर्यंत सगळं न्याहाळलं.

"पोलिसांना कळवलंय. कुलूप तुटलेलं नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह मावळला," ती म्हणाली. "पुढच्या दाराच्या किल्ल्या कुणाकुणाकडे?"

"माझ्याकडे. तुमच्या भावाकडे, ती जहाजावर. आणि भावजींकडे."

धाकट्या भावाचं नाव निघताच नणंदेच्या कपाळावर आठी पडली. "आणि किल्लीवाचून हे कुलूप कोण उघडू शकेल?"

"बाजारातला कुलूपवाला. दुसरं कोणी नाही. माझ्या धंद्यावर डोळा आहे त्याचा. कुलूपवालीच्या घरातून किल्ल्या गेल्या म्हटल्यावर मला उद्या दारात कोण उभं करेल? लोक आधी हसतील, मग घाबरतील."

"वहिनी, पुढच्या दाराचं नंतर बघू. हे मागचं दार तुम्ही कधी उघडता?"

"कधीच नाही. पलीकडे नुसती गल्ली आहे, कचऱ्याची. कडी गंजून बसलीय. मला दोन्ही हात लावावे लागतात."

नणंदेने एका बोटाने कडी सरकवली. ती लोण्यासारखी सरकली.

तिने बोट नाकाशी नेलं, मग वहिनीपुढे धरलं. बोटाला ताजं तेल होतं.

"हे तुम्ही लावलंत?"

चावीवालीने नकारार्थी मान हलवली. तेल आतल्या बाजूने लावलेलं होतं. कुणीतरी तिच्या घरात उभं राहून, घाई न करता, तिच्याच दाराची कडी दुरुस्त केली होती. पुन्हा यायचं म्हणून.

३

बाजारातल्या कुलूपवाल्याचं दुकान कोपऱ्यावरच होतं. दोघी गेल्या तेव्हा तो एका पेटीचं झाकण मांडीवर घेऊन बसला होता. ऐकून त्याने हातातलं काम खाली ठेवलं.

"माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा. भांडण आहे आपलं, नाही म्हणत नाही. पण किल्ल्या चोरायच्या म्हणजे आपल्याच ताटात माती कालवायची. उद्या लोक दोघांनाही घरात घेणार नाहीत." मग तो चावीवालीकडे वळला. "एक माणूस तुमची चौकशी करत आला होता मात्र. शिकलासवरलेला, बोलायला मऊ. हातात तुमचं ते छापील स्टिकर, नाव आणि फोन नंबरवालं. कुठल्या तरी दारावरून खरवडून काढलेलं. म्हणाला, या बाई कुठे बसतात?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, बसत नाहीत, हिंडतात. फोन करा. तर म्हणाला, राहू दे, नकाशावर बघतो."

"नकाशावर माझा पत्ता नाही," चावीवाली म्हणाली. "कुठल्या कुठल्या भागात जाते तेवढंच आहे. पत्ता मी पहिल्यापासून लपवलाय."

कुलूपवाल्याने आपला फोन काढला, तिचं नाव टाकलं, आणि पडदा तिच्यासमोर धरला.

नकाशावर लाल खूण होती. खाली तिच्या घराचा पूर्ण पत्ता. चावीवाली बघतच राहिली. गाव झोपलेलं असताना कुणीतरी आपल्या अंगावरचं पांघरूण ओढून काढावं, तसं तिला झालं.

नणंदेने फोन हातात घेऊन खूण मोठी करून पाहिली. "पुढच्या रस्त्यावर नाही ही," ती हळू म्हणाली. "मागच्या गल्लीत आहे. घर ओळखणारा माणूस पुढच्या दाराने येतो. मागच्या दाराशी कोण येईल? ज्याला या खुणेने आणलं तोच."

दोघींनी घरी परतून दिराला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. बहिणीने त्याला बसूही दिलं नाही.

"पत्ता तू उघडा केलास?"

तो वहिनीकडे बघेना. नकाशावरची तिची नोंद त्यानेच करून दिली होती, तोच ती सांभाळायचा.

"तुमच्या भल्यासाठीच केलं, वहिनी. पत्ता नसलेल्या कुलूपवालीवर कोण विश्वास ठेवील? लोक म्हणतात, हिचा ठावठिकाणा नाही, उद्या हीच घर फोडेल. काम कमी झालं होतं तुमचं. म्हटलं, पत्ता दिसला तर बरं. मागच्या गल्लीत मोटारसायकल लावली होती, तिथेच उभं राहून केलं."

"मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणजे उत्तर माहीत होतं तुला," नणंद म्हणाली. "अरे, बाजारातल्या कुलूपवाल्याचं दुकान आहे, त्याने पाटी लावावी. संध्याकाळी शटर ओढलं की पाटी आणि तो वेगळे. हिचं दुकान हिची पिशवी. तू पाटी लावलीस ती घराला. आत आपले बाबा बसलेत."

दीर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. त्याने आपली किल्ली काढून टेबलावर ठेवली. "चोरी मी नाही केली, ताई."

"माहीत आहे. तुझी किल्ली असती तर तेल लावायची गरज काय होती?" नणंद उठली. "मागच्या दाराला कुलूपच नाही, नुसती आतली कडी. बाहेरून ती कुठल्याही किल्लीने उघडत नाही, कुठल्याही कारागिराला उघडता येत नाही. तो गेल्यावर पुन्हा लागलीही आतूनच. मग ती उघडली कुणी आणि लावली कुणी?"

घरात त्या वेळी एकच माणूस होतं.

४

नणंद वडिलांच्या पायाशी जमिनीवर बसली.

"बाबा, उद्या पाणी नाही हे कुणी सांगितलं?"

"रेडिओवर ऐकलं."

"रेडिओ दुरुस्तीला टाकून आठवडा होऊन गेला, बाबा."

म्हाताऱ्याची बोटं धोतराचा काठ चाचपावा तशी खुर्चीच्या हाताची कड चाचपू लागली.

"पेपरात आहे ते," नणंद म्हणाली. "आतल्या पानावर, खाली. सकाळचा पेपर वहिनी तुम्हाला संध्याकाळी वाचून दाखवतात. आज कुणी वाचला?"

"तू रागावशील."

"मी नाही रागावत."

"ती रागावेल. दार उघडू नका म्हणून शंभर वेळा सांगितलंय तिने." त्यांचा आवाज बारीक झाला. "पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, किल्ली करून घ्यायचीय, थांबू का? मागच्या दाराशीच उभा होता. उन्हात माणूस किती वेळ उभा ठेवायचा? आत घेतलं. पेपर दिसला त्याला, म्हणाला, वाचून दाखवू? फार छान वाचतो. मृत्यूची पानं गाळतो. मग यायला लागला. कडी मला नीट ओढवत नव्हती, तर त्यानेच तेल घातलं, म्हणाला, बाबा, तुमचे हात दुखतात."

चावीवाली दारात उभी होती. इतके दिवस. ती बाहेर खोट्या दारांशी उभी असताना तो इथे बसून तिच्या सासऱ्याला बाबा म्हणत होता.

"काय विचारायचा तो?" नणंदेने विचारलं.

"काही नाही. मीच बोलायचो. ही रोज येऊन सांगते ना, आज कुणाकडे गेले, कुणाचं काय. मला तेवढंच जग. मी त्याला सांगायचो. बाकीच्यांचं ऐकून हसायचा. नर्सबाईंचं मात्र पुन्हा पुन्हा विचारायचा. त्याच्या आईला घरी यायला नर्स हवीय, चांगली बाई असेल तर बघतो म्हणाला."

"आणि तुम्ही सांगितलंत? कुठे राहते ते?"

"पाण्याच्या टाकीसमोर, तिसरा मजला," म्हातारा म्हणाला. "ही म्हणाली होती, जिने चढून दम लागला." मग एकदम त्याचा चेहरा बदलला. "सांगायचं नव्हतं का?"

नर्सबाईंच्या जुन्या घराचं कुलूप तिनेच बदललं होतं. तेव्हा त्या बाई म्हणाल्या होत्या, नवऱ्याला घराबाहेर काढलंय, पण ड्यूटीवरून येते तर तो आत बसलेला असतो. मारत नाही, ओरडत नाही, नुसता बसलेला असतो आणि म्हणतो, दमलीस का? एकदा मात्र त्याच्या मांडीवर सुरी होती. कुलूप बदलून भागलं नाही तेव्हा बाईंनी घर बदललं, दवाखाना बदलला, फोनचा नंबर बदलला. बदललं नाही ते फक्त कुलूपवालीला. त्यांचा तेवढाच एका माणसावर विश्वास होता.

"हा त्यांचाच नवरा. जुन्या दारावर माझं स्टिकर होतं," चावीवाली म्हणाली. "त्याने ओळखलं, नव्या घराचं कुलूपही मीच बसवलं असणार. कुठली किल्ली त्यांची ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून सगळ्याच नेल्या."

"आज नेल्या," नणंद म्हणाली. "पत्ता त्याला आधीच कळला होता. म्हणजे आता तो कुठे असेल?"

५

नर्सबाईंचा फोन वाजत राहिला. ड्यूटीवर असताना तो कपाटात असतो. दवाखान्यात फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, त्यांची ड्यूटी संपली, आत्ताच निघाल्या.

नणंदेने पुन्हा पोलिसांना फोन लावला. या वेळी ती गोड बोलली नाही. दिराने मोटारसायकल काढली, वहिनीला मागे बसवलं. "पिशवी घेतलीत?" एवढंच त्याने विचारलं. वाटेत एका वळणावर तो म्हणाला, "वहिनी, मला वाटलं होतं..." आणि पुढचं वाक्य त्याने गिळलं.

पाण्याच्या टाकीसमोर रहदारी नेहमीची होती. भर दुपार उतरलेली, एक बाई गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होती. इतकं साधं ऊन आणि इतकी भीती एकाच वेळी कशी असू शकते, असं चावीवालीला वाटून गेलं.

"तुम्ही खाली थांबा," तिने दिराला सांगितलं. "नर्सबाई आल्या तर वर येऊ देऊ नका. तुमची ओळख नाही, माझं नाव सांगा."

"आणि तुम्ही?"

"मी बघून येते. कुलूप माझं आहे."

जिना चढताना तिला दम लागला, पण श्वास मोठ्याने घ्यायची तिची हिंमत होईना. तिसऱ्या मजल्यावर दार बंद होतं. साधं, तपकिरी, पायपुसण्यासकट. आतून कसलाही आवाज नाही. क्षणभर तिला वाटलं, आपण उगीच घाबरलो. तो आलाच नसेल.

ती गुडघ्यावर बसली. पिशवीतली बारीक तार काढून तिने कुलपाच्या भोकात सरकवली आणि बोटांनी आतलं चाचपलं. नर्सबाईंना तिने बजावलं होतं, जाताना किल्ली नेहमी दोनदा फिरवा. त्या भित्र्या बाईने तेवढं कधी चुकवलं नसतं. आत्ता कुलपाचा दांडा चौकटीत गेलेलाच नव्हता. दार नुसतं ओढून घेतलेलं होतं.

म्हणजे तो आत होता.

दाराला बाहेरून जुन्या पद्धतीची कडी होती, भाडेकरू वापरत नाहीत तशी. चावीवालीने ती उचलली. लोखंड लोखंडावर वाजू नये म्हणून तिने ओढणी मध्ये घेतली. कडी बसली. पिशवीतून तिने सगळ्यात जड कुलूप काढलं, अडकवलं, आणि दाबताना डोळे मिटले. कुलपाचा खटका तिच्या कानात गोळी सुटल्यासारखा वाजला.

आत खुर्ची सरकली.

पावलं आली, सावकाश. दार आतून ओढलं गेलं, कडीला अडलं, पुन्हा ओढलं गेलं. मग शांतता. मग दाराच्या अगदी पलीकडून, तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर, एक मऊ आवाज आला.

"वहिनी का? बाबा बरे आहेत ना?"

ती तशीच गुडघ्यावर मागे सरकत भिंतीला टेकली.

"उघडा, वहिनी. काहीतरी गैरसमज झालाय. मी तिच्याशी बोलायला आलोय. घरचाच माणूस आहे मी. तुम्हाला ठाऊक आहे मी कसा आहे, बाबांना विचारा."

तो बोलत राहिला. आवाज एकदाही चढला नाही. तिचं घर, तिच्या पुढच्या खोलीतली खुर्ची, तिच्या नवऱ्याचं जहाज, सगळं त्याला माहीत होतं, आणि एकेक करून तो ते दारापलीकडून तिच्यासमोर मांडत होता. खालून गाडी थांबल्याचा आवाज आला तेव्हाही तो बोलतच होता. बुटांचे आवाज जिन्यावर आले, नणंदेचा आवाज आला, आणि त्यांच्या मागून, दिराचं न ऐकता, नर्सबाई आल्या. तो आवाज कानावर पडताच त्या जिथे होत्या त्याच पायरीवर बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले.

पोलिसांनी कुलूप उघडायला सांगितलं. किल्ली तिच्याच हातात होती, पण ती तिला भोकात घालता येईना. शेवटी नणंदेने तिचा हात धरून फिरवली.

तो निमूट बाहेर आला. नीटनेटका माणूस, चष्मेवाला. आत टेबलावर तिच्या सगळ्या किल्ल्या ओळीने मांडलेल्या होत्या, दोऱ्यांसकट. शेजारी दोन कप आणि एक सुरी होती.

६

दिराने त्याच संध्याकाळी पत्ता पुन्हा लपवला. वहिनीसमोर बसून, प्रत्येक बटण तिला दाखवून. खूण गेली. पण ज्यांनी ती पाहिली होती त्यांच्या डोक्यातून ती कशी काढणार, हे त्यालाही सांगता येईना. तो आपणहून रोज सकाळी येऊन बाबांपाशी बसू लागला. पेपर वाचू लागला, अडखळत. बाबा ऐकायचे, पण काही विचारायचे नाहीत.

चावीवालीने किल्ल्या ज्याच्या त्याला परत केल्या आणि फळी उतरवून ठेवली. काही गिऱ्हाइकं तुटली. नर्सबाईंनी पुन्हा घर बदललं. नव्या घराचं कुलूप बसवायला त्यांनी तिलाच बोलावलं. घरी येऊन ती त्यातलं काही बोलली नाही. "आज कुठे गेली होतीस?" हा प्रश्नही आता कुणी विचारत नव्हतं. रात्रीची जेवणं मुकाट होऊ लागली. म्हाताऱ्याचं तेवढंच जग होतं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने बंद करून घेतलं होतं.

एका सकाळी दीर यायचा होता, ती निघायच्या तयारीत होती. मागच्या दारावर थाप पडली.

दोघंही जागीच थिजली. पुन्हा थाप पडली, हलकी. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

"किल्लीवाल्या बाई इथेच राहतात ना? माझी पेटी उघडत नाही हो. फार लांबून आलेय."

ती काही बोलणार, तोच सासरे उठले. भिंत चाचपत, न अडखळता, ते मागच्या खोलीत गेले आणि दोन्ही हातांनी कडी घट्ट धरून उभे राहिले.

"इथे कुणी राहत नाही," ते म्हणाले.

चावीवालीने दाराकडे पाहिलं, मग त्यांच्या हातांकडे. बोटांची पेरं पांढरी पडली होती. ती पुढे गेली आणि तिने आपला हात त्यांच्या हातांवर ठेवला. कडी सोडवायला नव्हे.

गल्लीतून पावलं हळूहळू लांब गेली.